तेच तुणतुणं

शेफील्डमध्ये, ॲटरक्लिफच्या रस्त्याला,
जिथे पूर्वी सुऱ्यांना धार लावायचे
त्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
मुसैदचा स्टुडिओ आहे.
भिंतींना जुने गालिचे ठोकलेत, मशिदीनं काढून टाकलेले.
एकावर अजून दिसतात
कुणाच्या तरी गुडघ्यांचे दोन पुसट गोल.

मी दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये
लोकांचं रक्त फिरवते,
मिनिटाला तीन हजार फेरे.
इथे मिनिटाला अडुसष्ट ठोके.
"झोप यायच्या बेतातली नाडी," मुसैद म्हणतो.
ठोका कुठून आणलास?
आजोबांच्या घणाचा, म्हणाला.
म्हणजे घण केव्हाच भंगारात गेला.
पण येमेनहून येऊन तीस वर्षं भट्टीपुढे काढलेले आजोबा
म्हातारपणी टेबलावर मूठ आपटून दाखवायचे
कसा पडायचा तो.
ही ती मूठ.
खाली कॉम्प्युटरनं ओल्या वाळूसारखं काहीतरी पसरलंय,
म्हणून ती पडते आणि थोडी रुतते.

एब्रिमाच्या वाद्याला एकवीस तारा.
आणि नाव काय, तर कोरा!
मला एकटीलाच हसू आलं,
समजावून सांगायला कुणी नव्हतं.

माझ्याकडे एक तार.
लाकडी पिंप, तळाला बकऱ्याचं कातडं, कडेला बांबू, वर खुंटी.
विमानतळावर एकानं उलटंसुलटं करून विचारलं होतं,
हे धान्य मोजायचं माप आहे का?
हो म्हटलं.
रांग मोठी होती.

आई चिडली की म्हणायची, झालं तुमचं तुणतुणं सुरू!
इतरांच्या घरी तो वाक्प्रचार होता,
आमच्या घरी रोजगार.
आप्पा केरबा शाहिरांच्या मागे उभे राहायचे.
फडाचा एकच फोटो आहे
त्यात आप्पांचा अर्धा कान आलाय
आणि खुंटी.

हेडफोन लावले. वाजवलं.
पडद्यावर उभ्या रेघा,
आणि माझा एकेक ठणका
रेघेच्या जरासा मागे.
एकही रेघेवर नाही.
सगळे सारखेच मागे.
मी ओशाळले. म्हटलं, सरळ करून घे, यंत्राला येतं ना.
मुसैदनं पुन्हा ऐकलं, डोळे मिटून.
मग विचारलं, "तू कुणासाठी थांबतेस?"

कुणासाठी?

केरबा शाहिरांची छाती बिडीनं भरलेली.
चौक संपला की श्वास आत जाताना
जुन्या दारासारखा वाजायचा.
आप्पा तेवढं थांबायचे,
लोकांना वाटावं की हे असंच बसवलंय.
पुढे शाहीर गेले, फड मोडला,
आप्पा साखर कारखान्यात वॉचमन झाले
आणि रात्रपाळी नसेल तेव्हा मला शिकवायचे, स्वयंपाकघरात,
पुढे कुणीच उभं नसताना.
मी ते थांबणं धरून शिकले.
मला वाटायचं, ताल असाच असतो.

हे सगळं इंग्रजीत सांगायला गेले
तर तीन वाक्यांत संपलं.
मुसैद काही बोलला नाही.
त्यानं माझ्या तुणतुण्याला हात लावला नाही.
आजोबांची मूठ उचलली
आणि मागे सरकवली,
केसाएवढी.

आता पोलाद ठोकणारा तो माणूस
हात वर धरून थांबला होता
सांगोल्याकडच्या एका शाहिराचा दम परत येईपर्यंत.
त्या फटीतून कोरा आत आला, हळू,
चपला बाहेर काढून आल्यासारखा.

सातव्या मिनिटाला तार तुटली.

खालच्या मजल्यावर अजून एकजण कात्र्या बनवतो,
त्यानं दुसरी दिली. इथलंच पोलाद, फुकट.
आप्पांच्या खुंटीला ती ताण धरत नाही,
दर दोन मिनिटांनी उतरते.
नवी आहे, उतरणारच, एब्रिमा म्हणतो
आणि थर्मासमधला चहा ओततो.
मी खुंटी पिळते, छेडते, पिळते, छेडते.
मुसैद रेकॉर्डिंग बंद करायला विसरलाय.