अरुंधा, तक्ता सातवा

दर गुरुवारी, उन्हं उतरली की
सदरच्या माझ्या दुकानात यायचे रतिराम निखारे,
नगररचनेतून रिटायर झालेले ट्रेसर,
काखेत पत्र्याची नळी,
नळीत एक राजधानी.

"एक प्रत काढ बापा. अमोनियाचीच.
कॉम्प्युटरवाली नको, तिला वास नसतो."

ते मशीन मी त्यांच्याचसाठी ठेवलं होतं,
आणि भंगारवाला फार पाडून मागायचा म्हणूनही.
डोळे चोळत मी जांभळ्या रेषा बाहेर ओढायचो:
अरुंधा.
चार वेशी, टेकडीवर किल्ला,
एक नदी, जी संध्याकाळी उलटी फिरते
आणि वर किल्ल्यात जाऊन झोपते.
चंद्र दोन. एक ड्युटीवर, एक रजेवर.
घरं तीन मजल्यांच्या वर नाहीत,
कारण उडते नाग गच्च्यांवर उतरतात
आणि म्हातारपणी त्यांना उंची झेपत नाही.

"राज्य कोणतं, काका?"
"ते नाही ठरलं अजून.
आधी राजधानी. राज्य काय, येतं, जातं.
आपल्याच गावाचं पाह्य ना."
चहा बशीत ओतून, फुंकर मारून
हनुवटी करायचे झिरो माईलच्या दिशेनं,
जिथं दगडाचे चार घोडे केव्हाचे निघालेत
आणि पोचले कुठंच नाहीत.

डिसेंबरात अधिवेशन आलं, डिव्हायडर रंगले,
सायरनच्या गाड्यांनी माझं गिऱ्हाईक अडलं.
त्या आठवड्यात सहावा तक्ता:
अरुंधेत सरकार बारा महिने राहतं,
राजा तेवढा पंधरा दिवस येतो,
संत्री खातो, सह्या करतो, जातो.

सातव्यात सगळंच होतं.
विणकरांच्या मागांना उत्तरेचा उजेड,
नागांचा दवाखाना, मासळीबाजार,
वाघांना रस्ता ओलांडायला वेगळा पूल.
मी सहज विचारलं,
नव्या घरात गेल्यावर मोरी कुठाय विचारतात तसं,
"काका, घाट कुठाय?"

बोट फिरलं वेशीपासून वेशीपर्यंत.
परत एकदा.
नळीचं झाकण लावताना दोनदा पडलं.
गेले. प्रत इथंच राहिली, चहाही.

रात्री शटर ओढताना मला आठवलं.
तो एप्रिल. मोक्षधामच्या बाहेर रांग,
माझ्या मोठ्या भावाचा नंबर बत्तीस.
पुढं एक म्हातारा, त्याच्या हातात एकतीसची चिठ्ठी,
सारखी उघडून पाहायचा
जसा काही आकडा बदलणार होता.
मास्कमागचा चेहरा दिसला नव्हता.
चिठ्ठी धरलेली बोटं दिसली होती,
बारीक टोकाची पेन्सिल धरावी तशी.

तीन गुरुवार कोणी आलं नाही.
मशीनवर मी जुनी चादर टाकली.

मग आले, एका सोमवारी, भर दुपारी, घामानं ओले.
तक्ता नवा, क्रमांक सातच.
राजवाडा होता तिथं घाट.
राजवाडा मासळीबाजाराच्या मागं, गल्लीत, दोन खोल्या.
"राजाला म्हटलं, सरक जरा."

कडुनिंब, दगडी बाकं, पाण्याचा रांजण,
नदीला खाली यायला पायऱ्या.
रस्ता साठ फूट.
"एवढा रुंद काऊन?"
"कोणी कोणाच्या मागं नको उभं राहायला."

मी खिडकी शोधली, चिठ्ठ्या देणारी.
नव्हती.
"मग नंबर?"
"नाही. नावं."
पहिल्या झाडाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं
पुष्पकला.
दुसऱ्याखाली जागा कोरी.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, टोक पाहिलं.
"तुझ्या भावाचं नाव काय होतं?"

भाऊ होता हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

नाव सांगितलं.
बराच वेळ लागला मला, तेवढंसं नाव सांगायला.
मशीन तापत होतं, अमोनियाचा वास सुटला होता,
डोळ्यांचं कारण कोणी विचारलं नसतं.
त्यांनी चष्मा वर सरकवला,
कागदावर वाकून विचारलं,
"ऱ्हस्व का दीर्घ?"