इतिश्री

चौथीही मुलगीच झाली तेव्हा धरणीधर जेनाने
नाव ठेवलं इतिश्री.
पोथीच्या शेवटी लिहितात तसं. म्हणजे, आता पुरे.
डावा पाय गुडघ्याखाली काडीसारखा, घोट्याशी वळलेला.
सुईण म्हणाली, तेल लाव, सरळ होईल.
झाला नाही.

चांदीपूरचा समुद्र दिवसातून दोनदा निघून जातो.
खरंच जातो, कोस-दीड कोस.
मागे राहते ओली घट्ट वाळू, लाल खेकड्यांची बिळं,
आणि पोरांना फुकटचं मैदान.
काठीच्या टोकाने रेघा इतिनेच मारायच्या,
कारण धावाधावीत तिला कुणी घेत नसे
आणि रेघ मात्र तिची सरळ यायची.
जाळं घरचंच, कोळंबीचं, फाटलेलं.
वाऱ्यात फूल कुठे पडणार
हे ती बाकीच्यांच्या एक श्वास आधी ओळखायची.
जिला पोचायला उशीर लागतो
तिला निघावं लागतं लवकर.

बालेश्वरच्या हॉलमध्ये वारा नव्हता.
पहिले दोन महिने तिचं सगळंच चुकलं.
नरोत्तम सर दिवसा बँकेत कॅशियर, संध्याकाळी कोच;
नोटा मोजाव्यात तसे फटके मोजायचे.
म्हणाले, इथे फूल मारशील तिथेच जातं. सवय कर.
जायचं मामाच्या टेम्पोतून,
सुक्या बोंबलांच्या पाट्यांमध्ये अंग चोरून.
रॅकेटच्या मुठीला तो वास अजून आहे.

भुवनेश्वरला तिघांनी तिला तपासलं.
टेप लावली. उचल. दाब. सोड. परत दाब.
गाव इतकी वर्षं जे नुसतं बघत होतं
त्याचे अर्ध्या तासात सेंटिमीटर झाले.
कागदावर आलं : एसएल-तीन.
म्हणजे एकेरीत अर्धं मैदान,
रुंदी निम्मी, लांबी पुरी,
बाजूला काही नाही, फक्त पुढे आणि मागे.
ती हसली. सरांना कळेना का.
पुढे आणि मागे, एवढंच तर
पाण्याला करताना तिने जन्मभर पाहिलं होतं.

बापाने विचारलं, मैदान अर्धं, तर तिकीट का पुरं?
ते पैसे बहिणींनी दिले.
थोरलीने न मोजता, मधलीने वहीत मांडून,
तिसरीने नवऱ्याला न सांगता.

कंपालाला ती दुसऱ्याच फेरीत हरली.
समोर व्हिएतनामची एक बाई, दोन मुलांची आई.
तिने जाळ्यालगत फूल इतकं हळू सोडलं
की वाटावं ते पडायचंच विसरलं.
त्या रात्री हॉटेलात
उशीपलीकडे मोजा टाकत
इतिने तोच फटका घोटला, सोबतीण वैतागेपर्यंत.

पुढच्या वर्षी मनामाला ब्राँझ.
बालेश्वरच्या पेपरात मथळा : अपंगत्वावर मात.
तिने दोनदा वाचला.
मग म्हणाली, मात तर मी
त्या इंडोनेशियाच्या पोरीवर केली. एकवीस-अठरा.
तिचं नाव कुठेय यात?

मग उजवा गुडघा गेला.
चांगला म्हणून ज्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं,
दोघांचं ओझं वाहणारा.
आठ महिने. बर्फ, पट्टे, आणि फोनवर
क्रमवारीत खाली खाली सरकणारं आपलंच नाव.
आई म्हणायची, पोस्टात जागा निघाल्यात.
अर्ज तिने भरला. खोटं कशाला सांगू,
फोटोही चिकटवला.

आज ओहोटीला ती परत वाळूवर आहे.
अर्ध्या मैदानाच्या रेघा मारून झाल्यात.
थोरलीचा पोरगा विचारतो, उरलेलं अर्धं कुणाचं?
खेकड्यांचं, ती म्हणते, तिकडे पाय टाकू नकोस.
बापाच्या हातात फुलांची नळी.
त्याला टाकता येत नाही; मासळीला आमिष फेकावं तसा फेकतो,
कधी डोक्यावरून, कधी पायाशी.
ती प्रत्येकाला जाते.
पुढे. मागे. गुडघा चाचपत पुन्हा पुढे.
घामेजलेला म्हातारा विचारतो, पुरे ना आता?
ती लांबवर बघते, जिथे पाण्याची नुसती पांढरी कड आहे.

भरतीला अजून तास आहे, बापा.
टाक.