एका ओळीवरची टीका

जुझे मास्तरांचे डोळे गेले तेव्हापासून
संध्याकाळी मी त्यांना वही वाचून दाखवतो,
कोर्लईच्या चर्चमागे, पडवीत, दिवा माझ्या बाजूला.
वही कुणा जुन्या पाद्रींची, लॅटिनमधून उतरवलेली,
शाई गंजासारखी.
वर स्तोत्राची एक ओळ, खाली दहा पानं टीका.
टीका म्हणजे नावं ठेवणं, एवढंच मला ठाऊक.
मास्तर म्हणाले, अरे, गाय दिवसा चरते ती ओळ,
आणि रात्री गोठ्यात बसून रवंथ करते, ती टीका.

ते जुने लोक आधी विचारायचे: बोलतंय कोण?
ओळ तीच. राजा म्हणाला तर एक,
क्रूसावरचा म्हणाला तर दुसरी,
आणि आपण सगळे मिळून म्हणालो, तर तिसरीच.
मी मान डोलवायचो. मन जेटीवर,
जिथे आमच्या सामायिक होडीला इंजिन नव्हतं.
मार्सेलने विकलं ते. सख्खा चुलतभाऊ.
रेवदंड्याच्या बाजारात परक्याच्या तोंडून कळलं मला.

उपवासकाळात ती ओळ आली.
देशोधडीला लागलेली माणसं नदीकाठी बसून रडतात,
ते स्तोत्र. शेवटी शत्रूची तान्ही पोरं, आणि खडक.
आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय.
मास्तर गप्प झाले. मी नाही.
पहिल्यांदाच वाटलं, देवाच्या पुस्तकात
कुणीतरी माझ्या बाजूचं आहे.

"आता टीका वाच."

पोरं म्हणजे पोरं नव्हेत, म्हणत होती टीका.
मनात नुकते जन्मलेले विचार ते, दात न आलेले.
वाढायच्या आत खडकावर ने.
खडक कोण, ते तुला माहीत आहे.
मी हसलो. म्हटलं, मास्तर, ही वकिली झाली,
सरळ लिहिलेलं वाकवलंय.
"चाळीस वर्षं मीही हेच म्हणत होतो," ते म्हणाले,
आणि पुढचं काही म्हणालेच नाहीत.

शिवाय माझा राग तान्हा कुठे राहिला होता?
मिसरूड फुटलं होतं त्याला, माझ्याच ताटात जेवत होता.
अशाचं काय करायचं, ते कुठल्या पानावर?
पुढचं पान कसरीने खाल्लेलं.

घरी आलो तर मार्सेलची धाकटी, दीड वर्षाची,
आमच्या अंगणात, एकाच पायात चप्पल,
कोंबडीमागे.
मला बघून थांबली. हात वर केले.
उचलली. केसांना खोबरेलाचा आणि सुकटाचा वास.

तो जुना टीकाकारही कुठल्यातरी बंदरात बोलत असेल,
आणि ही ओळ तोंडात येता येता
समोर दिसलं असेल त्याला
एखाद्या बाईच्या कडेवर असंच एक.
वाकवली नाही त्याने ओळ.
ओळ आणि पोर यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी उधाणाची ओहोटी.
किल्ल्याखालच्या खडकांवर माझी फिलू कालवं काढत होती.
आपटत नाही ती. कोयतीचं टोक शिंपेच्या सांध्यात,
एक ठोका, थोडं थांबून दुसरा,
आत कुणी झोपलं असावं तसा.

मी पाटी धरून उभा. लांबून मार्सेल येताना दिसला.
ओळ अजून तोंडात होती.
गिळली नाही. थुंकलो नाही.
चघळत राहिलो.