दहावी

द्राक्षं परवडत नाहीत, म्हणून अगारमध्ये आम्ही जांभळाचा रस घालतो.
त्या काळ्याभोर तबकडीवर
चिलटं रात्रभर अंडी घालतात
आणि सकाळी निकिता तोरसकर ती ब्रशच्या टोकानं वेचते,
तांदळातले खडे वेचावेत तशी, श्वास धरून.
ब्लीचमध्ये दोन मिनिटं. टरफल जातं.
खिडकीबाहेर वेंगुर्ल्याचं बंदर, सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास;
खिडकीत बाटली, बाटलीत सडका बोंडू,
पुढच्या पिढीचं आमंत्रण.

बाराव्या तासाचं भ्रूण, कुशीवर निजवलेलं.
हिरवा उजेड पडला की दिसतात
चेतारज्जूच्या कडेला जन्मलेल्या ग्लिआ.
आधी नुसत्याच थांबून असतात उंबऱ्याशी.
तंतू केव्हाचे बाहेर गेलेत, स्नायूंपर्यंत पोचलेत,
यांना घाई नाही.
मग पुढची एक बारीक बोटं काढते, चाचपते,
तंतूला धरून सरकते,
मागच्या तिच्या पाठीला लागून.
त्या पहिलीला लेसरनं जाळलं तर मागची रांग अडते,
असं वाचलंय.
आमच्याकडे लेसर नाही.
आमच्याकडे मोजणं आहे.

एक जनुक बिघडलं तर यांच्याही चेतापेशी होतात,
निकिताला सांगते मी.
म्हणजे सगळेच निरोपे,
आणि निरोपाला पांघरूण घालायला कुणी नाही.
ती म्हणते, बाई, परीक्षेत एवढंच लिहू?
नको. जनुकाचं नाव लिही.

सात, आठ, नऊ...
आणि वीज गेली.

पास्कू डिसोजा शिडी घेऊन आला. खांबावरून ओरडला,
'वायर जुनी नाय ओ बाई, खारो वारो खाता तिका!'
उघड्या पडलेल्या तांब्यावर त्यानं काळी टेप गुंडाळली,
एकावर एक, अर्धी अर्धी चढवत,
दातांनी तोडली.
उतरल्यावर म्हणाला, बघू तुमचा काय ता.
बराच वेळ डोळा लावून होता.
'जगता किती ह्या?'
दीड-दोन महिने.
'मगे इतक्या बारीक काम कोणी करूक सांगल्यान?'
मला उत्तर सुचलं नाही. त्यानं वाटही पाहिली नाही,
दाभोलीला आणखी एक फ्यूज उडाला होता.

आयपीसला रबराचा वास राहिला.
आम्ही पुन्हा मोजलं, पहिल्यापासून.
नऊच.
या खंडात मला दहा हव्या होत्या.
मग निकितानं फोकस केसभर खाली नेला
आणि तिथं, तंतू जिथून बाहेर पडतो त्या वळणावर,
एक होती, अर्धी आत, अर्धी बाहेर.

वहीत तिनं शाईनं नऊ लिहिलं.
शेजारी पेन्सिलीनं, मला न विचारता:
एक निघाली आहे.