ड्रम यायच्या आधी

भोक मोठं आहे या तबकडीचं,
रुपया आरपार जाईल एवढं.
मधली चकती विल्टनच्या बापाने बोटीवर हरवली,
किंवा हँबुर्गच्या दुकानातून आलीच नव्हती,
म्हणून मी हवाई चपलेचा तळ
ब्लेडने गोल कापून बसवला.
सत्त्याऐंशी साल. चप्पल निळी.
कुणाची ते घरी अजून सांगितलेलं नाही.

कव्हरवर चौघे बाप्ये.
केस असे की माडाच्या झावळ्या
वाऱ्याने उलट्या फिराव्यात,
डोळ्यांत काजळ, ओठ गुलाबी,
उघड्या छातीवर साखळी.
आईने चष्मा लावून पाहिलं, म्हणाली,
"काल्यातले स्त्रीपार्टी काय रे हे?"

कुडचडे तेव्हा लाल होतं.
खनिजाचे ट्रक रात्रंदिवस,
पुलाखाली बार्जी भरायच्या,
धूळ भाकरीत, धूळ इस्त्रीच्या शर्टात,
धूळ या खाचांत.
त्या गोऱ्या गायकाच्या गळ्यातून
थोडं कुडचडेही ऐकू येतं:
चर्र.

मी भजनी सप्ताहातला तबलजी.
विल्टन कार्दोझ सायकलवरून उतरलाच नाही,
एक पाय जमिनीला टेकवून म्हणाला,
"हात आसात तुका. पांय तेवडे शिक."
ड्रम चर्चच्या बँडचे, एक झांज तडकलेली.
आत्याच्या लग्नातली लिपस्टिक त्याने ढापली,
केसांचा स्प्रे मिळेना
तेव्हा डोक्यावर साखरेचं पाणी ओतलं.
पहिल्या कार्यक्रमात
मानेवरून मुंग्या चालत होत्या त्याच्या,
लोकांना वाटलं, भावना आहे.

गाणं असं होतं
की पहिली दीड मिनिटं मला कामच नव्हतं.
एकटा पियानो, आणि विल्टन,
आणि न कळणारे इंग्रजी शब्द
जे तो छातीवर हात ठेवून चुकीचे म्हणायचा.
मी काठ्या मांडीवर आडव्या धरून
भरल्या हॉलसमोर
काही न करणारा माणूस.
भजनात तबला पहिल्या अभंगापासून राबतो,
असं नुसतं बसायला कुणी शिकवलं नव्हतं मला.
मग तो मान मागे टाकायचा,
श्वास घ्यायचा,
आणि त्या श्वासाच्या तळाशी मी.
दोन्ही हात. उजवा पाय.
एकदाच.

हॉलच्या पत्र्यावरून कबुतरं उडाली.
पोरी नाचल्या का, पैसे किती मिळाले,
सगळं गेलं डोक्यातून.
कबुतरं आहेत.

विल्टन बोटीवर गेला, तिथून स्विंडनच्या गोदामात.
खाणी थांबल्या.
ट्रक माडांखाली गंजत उभे राहिले,
एकात तर कोंबडीने अंडी घातली.
तबकडी माझ्याकडे राहिली,
न्यायला कुणी आलंच नाही.

काल रविवारी रात्री त्याचा व्हिडिओ कॉल.
आधी टक्कल दाखवलं, मग चेहरा.
"आसा मरे ती?"
"आसा."
लावली. फोन स्पीकरला टेकवून धरला.
पियानो. चर्र.
तो गुणगुणला नाही.
मागे कुठलीतरी गाडी
पीं पीं करत रिव्हर्स येत होती.

श्वासाच्या जागी नेमका ओरखडा पडलाय.
श्वास. सुई मागे.
श्वास. सुई मागे.
तेरा वेळा मी मोजलं, पुढे मोजलं नाही.
"ब्रेक सोंपलो रे," तो म्हणाला
आणि काच काळी झाली.

आतून सुलक्षा ओरडली,
"त्या गाण्याला उचकी लागलीय,
कुणी आठवण काढतंय का बघ!"

खिशात रुपया होता.
सुईच्या डोक्यावर ठेवला, वजनाला.
तबकडी पहिल्यापासून लावली.
हात मांडीवर.
लादी गार आहे,
उजव्या पायाची टाच वर.