शोधा आणि बदला

चौथा मसुदा निम्मा झाला होता
तेव्हा तोर्निओहून भावाचा फोन आला.
'माझं नाव काढ त्यातून,' वेइक्को म्हणाला,
आणि तिकडची थंडी विचारून ठेवून दिला.

हिल्का एकोणसत्तरची. केमीच्या बंदरात
एकतीस वर्षं क्रेन चालवलेली.
इथलं ओझं उचलून तिथे ठेवणं
तिला नवं नाही.

सॉफ्टवेअर नातीने बसवून दिलंय.
पडद्यावर एक फळा, फळ्यावर प्रसंगांची कार्डं,
ओढून कुठेही लावावीत.
बापाचं मरण तिने तीनदा हलवलं,
शेवटी ठेवलं सातव्या प्रकरणात, जेवणाआधी.
खाली हिरवी पट्टी, रोजच्या शब्दांची,
भरली की टिंग वाजते.
त्या टिंगसाठी एकदा तिने
बर्फाचं वर्णन उगाच लांबवलं.
शिवाय प्रत्येक पात्राचा तक्ता : वय, डोळे, खोडी,
आणि तळाशी
'या पात्राला काय हवं आहे?'
वेइक्कोचा तो रकाना रिकामाच.

तर. शोधा : वेइक्को. बदला : ताउनो.
एक कळ.
'तीनशे बारा ठिकाणी बदल केले.'
जणू बटाटे मोजून दिले.

रात्री छापून वाचायला बसली.
ताउनो दार लोटतो, ताउनो शिव्या देतो,
ताउनो बापाच्या उशाशी येत नाही.
ठीक चाललं होतं.
मग पान बेचाळीस, खुंटीवर
वेइकोचा कोट.

तिच्या भाषेची ही जुनी खोड :
षष्ठी लागली की नावातला एक 'क' गळतो,
आणि यंत्राला माणूस ओळखू येत नाही.
कर्ता तेवढा गेला होता.
मागे वेइकोचे बूट, वेइकोचा चाकू,
वेइकोची पाळी भांडी घासायची,
आणि चतुर्थी एकदाच, आईच्या तोंडी :
'वेइकोला ठेवा थोडं.'

हाताने एकेक बदलत गेली.
कोट ताउनोचा. चाकू ताउनोचा.
आईच्या वाक्यापाशी कर्सर लुकलुकत राहिला,
कॉफी निवली,
खाली रस्त्यावर बर्फ ओढणारी गाडी येऊन गेली.

मग तिने तक्ता उघडला
आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं :
याचं नाव कुणी काढू नये.

हिरवी पट्टी हलली नाही.
तक्त्यातले शब्द ती धरत नाही.
आईचं वाक्य उद्या बघू म्हणाली,
आणि यंत्र मिटलं.