अडला हरी

पावसाळ्यात वीटभट्ट्या थंड असतात
तेव्हा हरिपूर रोडला गाढवं मोकळी,
कोण कुणाचं, कुणी विचारत नाही.
त्यातलं एक तीन दिवस आमच्या फाटकाशी
मान खाली घालून उभं.
ओरडलं नाही, कण्हलं नाही.
गाढव दुखणं दाखवत नाही,
हे डॉक्टर बेडगकरांनी मला नंतर सांगितलं.

सोप्यातलं शिलाई मशीन आत ढकललं,
तिथं पोती अंथरली.
पाठीवर तळहाताएवढी जखम.
मी यार्डातून पावशेर हळद घेऊन आले.
डॉक्टर म्हणाले, मिठाचं पाणी, मग मलम.
हळद आमटीत घाला.

गोळी गुळात दडवली,
त्यानं गूळ चाटून गोळी फरशीवर ठेवली, नीट.
गाढवाला गुळाची चव काय, म्हणणाऱ्याच्या घरी
गाढव कधी राहिलेलं नसणार.

चौथ्या रात्री त्यानं चारा सोडला.
पोटाला कान लावला तर आत
वीज गेलेली गिरणी.
"ह्याची जोडीदारीण कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.
बागेतल्या गणपतीच्या वाटेवर सापडली,
कुणाची तरी लग्नपत्रिका खात होती.
आली, आणि त्याच्या मानेवर मान टाकून थांबली.
पहाटे त्यानं कडब्याचं एक पान ओढलं.
मी रडले वगैरे नाही.
बॉबिन भरत बसले,
भरलेल्या बॉबिनवरच पुन्हा.

खूर वाढून जुन्या वहाणांसारखे वळलेले.
दर रविवारी एकेक पाय मांडीवर, हातात कानस.
समोरच्या मगदूमवहिनी गॅलरीतून,
"काय ओ, अडला हरी?"
अडलं काहीच नव्हतं माझं.
पाय मात्र धरला होता,
आणि तो किती हलका होता!
खुरात विटेचा लाल चुरा, काच, एक चिंचोका.

दिवाळी सरली तसा यल्लाप्पा धोत्रे आला.
"ताई, माझीच हायती. भट्टी लागली."
दोन महिने मी हे भांडण पाठ करत होते.
त्यानं जखमेच्या जागी उगवलेल्या
पांढऱ्या केसांवरून बोट फिरवलं,
म्हणाला, "बाळ्या."
कान वळले.
मला नावच सुचलं नव्हतं,
मी आपली 'अहो' म्हणत होते.

ब्लाऊजच्या चिंध्या भरून शिवलेली
पाठीची गादी दिली.
वीस विटांच्या वर नको, म्हटलं.
"न्हाई घालत."
हे खरं नव्हे, हे मला कळलं, त्याला कळलं,
आणि बहुतेक बाळ्यालाही.

आता रविवारी कानस घेऊन मीच भट्टीवर जाते.
यल्लाप्पा बसायला घमेलं उपडं घालतो.
दोघांचे मिळून आठ पाय, दुपार होते.
परवा कंबर सरळ करायला उठले
तर मागे आणखी तिघं,
रेशनच्या दुकानात उभं राहावं तशी,
मान खाली घालून.